निधनानंतर कोबी

माझ्या डाव्या कानात बरीच वर्षं एक गृहस्थ राहत होते. आता ते उलव्याला राहतात.

टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्याच्या कानात एक इअरपीस असतो. कंट्रोल रूममध्ये बसलेला पॅनल प्रोड्यूसर त्यातून बोलत असतो. पाहुणा लाइनवर आलाय, ब्रेकला जा, पदर सरकलाय, असलं काहीबाही. प्रेक्षकांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. महापे एमआयडीसीतल्या आमच्या चॅनलमध्ये संध्याकाळच्या बातम्यांचं हे काम सरांकडे होतं. सर म्हणजे शिक्षक वगैरे नव्हेत. आमच्या धंद्यात ज्याचे केस पांढरे झालेत आणि तरी नोकरी टिकली आहे, तो कोणीही सर असतो. त्यांना स्वतःला ते आवडायचं नाही. "सर काय म्हणायलात? गणित शिकवायलो का मी तुम्हाला?" असं ते परभणीच्या हेलात विचारायचे. आम्ही तरीही सरच म्हणायचो.

बाकीचे प्रोड्यूसर कानात ओरडतात. एक तर असा होता की त्याच्या बुलेटिनमध्ये माझे डोळे मध्येच मोठे व्हायचे आणि बातम्या संपल्यावर आईचा फोन यायचा, "काय गं, झुरळ होतं का तिथं?" सर कधी ओरडले नाहीत. एक बातमी वाचून झाली की ते म्हणायचे, "हं. पुढं." मग पूल कोसळलेला असो, सरकार कोसळलेलं असो किंवा कोणी विश्वविक्रमी पुरणपोळी केलेली असो. "हं. पुढं." आणि मुलाखतीत माझा एखादा प्रश्न राहिला किंवा पाहुण्यानं गोड बोलून टाळला, की कानात यायचं, "विचारा की." काय विचारायचं ते कधी सांगत नसत. मला ते बरोबर कळायचं, आणि कळायचं म्हणूनच त्यांचा जास्त राग यायचा.

माणूस विक्षिप्त होता, यात शंका नाही. कंट्रोल रूममध्ये चपला काढून जायचे. बुलेटिन सुरू झालं की खुर्ची मागे ढकलून उभे राहायचे, ते संपेपर्यंत बसायचे नाहीत. खिशात भिजवलेल्या हरभऱ्याची डबी असायची आणि प्रत्येक ब्रेकला ते दोन-चार दाणे तोंडात टाकायचे. या सगळ्याचं कारण विचारलं की प्रत्येकाला वेगळं सांगायचे. उभं राहण्याचं कारण मला सांगितलं पाठदुखी. मेकअपवाल्या बाईंना सांगितलं मूळव्याध. संपादकांना म्हणाले, "बसलं की झोप येते तुमच्या बातम्यांनी." संपादक त्यांच्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान होते आणि सूट घालायचे. त्यांना हे कुठे बोलून दाखवता येईना.

पण खरा वैताग होता तो पायरीचा. पायरी हा त्यांचाच शब्द. बातमीपत्रात कोणाच्या मृत्यूची बातमी आली, की तिच्यानंतर थेट दुसरी मोठी बातमी किंवा जाहिरात घ्यायची नाही, मध्ये एक पायरी टाकायची, असा त्यांचा नियम होता. आणि पायरी म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातले भाजीचे भाव. अपघातात चार गेले, की कोबी. जुने नट वारले, की भेंडी आणि गवार. रोज दुपारी ते बाजारातल्या एका आडत्याला स्वतः फोन लावून भाव विचारून घ्यायचे, खात्री करायला पुन्हा एकदा विचारायचे आणि मोजक्या तीन ओळी लिहून ठेवायचे. कोणी मेलं नाही तर त्या ओळी वाया जायच्या. "आज कोबी वाया गेला," असं म्हणत ते त्या दिवशी अगदी खुशीत घरी जायचे.

ऑफिसात याची टिंगल व्हायची, हे सांगायला नको. कोणी आजारी पडून रजेवर गेलं की दुसरा विचारायचा, "काय, कोबी काढायचा का?" एका मोठ्या पुढाऱ्याच्या निधनाची बातमी मी काळी साडी नेसून, गळा भरून वाचली आणि लगेच कानात आलं, "हं. फ्लॉवर." मी वाचलं. संपादक धावत खाली आले. राज्यभर दुखवटा आणि आपण फ्लॉवरचे भाव सांगतोय? सर शांतपणे म्हणाले, "आणखी सांगू का? वांगी राहिलीत." पायरीचं कारणही त्यांनी कधी एक सांगितलं नाही. संपादकांना म्हणायचे, मयताला लागून जाहिरात आली की जाहिरातदार नाराज होतात. मला म्हणाले, तुम्हाला आवंढा गिळायला वेळ मिळतो. कॅमेरामन हरेशला म्हणाले, आमच्या परभणीची भाजी वाशीला येते, गावाकडचे लोक खूश होतात. हरेश मला येऊन म्हणाला, "ताई, काय बी बोलतान सर. परभनीशी कोबी येतंय काय कदी?"

हरेश घणसोली गावचा. आगरी, अंगानं भक्कम, आणि सतत काहीतरी चघळणारा. सरांशी त्याचं रोज वाजायचं. सरांना कॅमेरा स्थिर हवा असायचा आणि हरेशला तो सारखा फिरवायचा असायचा. "लग्नाची शूटिंग करायलास का?" सर विचारायचे. "लग्नात बरा पैसा भेटतो सर," हा उत्तर द्यायचा. संध्याकाळी मात्र दोघं गेटबाहेरच्या टपरीवर एकत्र चहा प्यायचे आणि तिथंही भांडायचे.

मग ती साथ आली आणि आमच्या धंद्याचं होतं नव्हतं ते सगळं उलटंपालटं झालं.

पहिल्यांदा पाहुणे गेले. स्टुडिओतल्या चकचकीत टेबलाभोवती बसून भांडणारे लोक आता आपापल्या घरातून, पंख्याखाली, देव्हाऱ्यासमोर, कपाटाला टेकून भांडायला लागले. एकाच्या मागून त्यांच्या सासूबाई रोज आरामात चालत जायच्या, त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखायला लागला. मग कॉलरवरचा लॅपल माइक गेला, कारण तो लावायला जवळ जावं लागतं. हरेशनं घरून मासे धरायची लांब काठी आणली आणि तिच्या टोकाला माइक बांधला. एका मंत्र्यासमोर त्यानं ती काठी धरली आणि नंतर मला म्हणाला, "आजवर हिला जिताडा लागला व्हता ताई, आज मंत्री लागला." पुढे सगळ्याच चॅनलवाल्यांच्या हातात तशा काठ्या दिसायला लागल्या. मग मेकअपवाल्या बाई गेल्या आणि आम्ही सगळ्या अँकर एकाच महिन्यात दहा वर्षांनी मोठ्या दिसायला लागलो. शेवटी आम्हालाच घरी पाठवलं.

माझ्या सीवूड्सच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये स्टुडिओ झाला. रेनकोट, मास्क आणि वर हेल्मेट अशा अवतारात हरेश आला. सोसायटीचा वॉचमन त्याला आत सोडेना, मी खाली जाऊन भांडले. त्यानं कपाटावर हिरवं कापड ताणलं, मोबाइल तिवईवर चढवला, टॅबलेटवर वाचायचा मजकूर सरकवणारा प्रॉम्प्टर सुरू करून दिला आणि खुर्ची कुठे ठेवायची तिथे फरशीवर निळ्या चिकटपट्टीची खूण केली. "हिच्या बाहेर जाव नको ताई, नायतर तुमचा कान कापला जाईल," म्हणाला. तिथून तो जुईनगरला सरांकडे गेला. त्यांना स्टुडिओ नको होता, फक्त माझ्या कानाशी जोडलेला फोन हवा होता. हरेशनं घरभर फिरून पाहिलं, रेंज फक्त गॅलरीत मिळत होती. म्हणून सर गॅलरीत उभे राहून बुलेटिन चालवायला लागले. महाप्याला दोनच माणसं उरली. त्यातला एक जण बटणं दाबायचा आणि दुसरा पहिल्यावर सॅनिटायझर मारायचा.

आता माझ्या कानात सरांबरोबर सगळं जुईनगर यायला लागलं. त्यांच्या शेजारच्यांचा कुकर. त्यांची बायको, "अहो, ती चादर काढा आधी आत, मग बोला." आणि रोज बरोबर बातम्यांच्या वेळेला त्यांच्या इमारतीखाली येणारा भाजीचा टेम्पो, त्याच्या भोंग्यावर रेकॉर्ड केलेला तोच तो आवाज. मी इकडे गंभीर चेहऱ्यानं निर्बंध वाचतेय आणि कानात चाललंय, 'ताजा माल, ताजा माल.' मी चिडून एकदा म्हटलं, "सर, खिडकी तरी लावा." म्हणाले, "गॅलरीला कुठली खिडकी आली ताई? आणि इथं चपला ठेवायला पण जागा नाही, आतच काढून आलोय." म्हणजे घरच्या गॅलरीतही अनवाणीच उभे होते.

पायरी मात्र अडचणीत आली. सुरुवातीला बाजारच बंद राहिला. आडत्या गावी निघून गेला. आणि मृत्यू तर आता एका बातमीत नव्हते, सगळ्या बातम्यांत होते. सरांनी थोडे दिवस सूर्यास्ताची वेळ टाकून पाहिली, भरती-ओहोटी टाकून पाहिली. मग संपादकांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल चौकट आणली. तिच्यात आजचे रुग्ण आणि आजचे मृत्यू सतत दिसत राहायचे, मी पावसाचा अंदाज वाचत असले तरी. बुलेटिनला एका आयुर्वेदिक काढ्याचं प्रायोजकत्व मिळालं. मृत्यूचा आकडा वाचून झाला की लगेच एक आजोबा काढा पिऊन जिने चढताना दिसायचे. तसा करारच होता. त्यामुळे बाजार पुन्हा उघडला, आडत्या परत आला, तरी मध्ये कोबीला जागा उरली नव्हती. सर भाव मात्र रोज विचारून ठेवायचे.

सर संपादकांशी ऑनलाइन मीटिंगमध्ये भांडले. आम्ही सगळे आपापल्या चौकोनात गप्प बसून बघत होतो. "माणसाच्या उशाशी काढा विकायलात तुम्ही," सर म्हणाले. संपादक म्हणाले, "सर, तुमचा पगार त्या काढ्यातून होतो." ते खोटंही नव्हतं. त्या महिन्यात पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. सरांनी स्वतःचा कॅमेरा बंद केला आणि त्यांच्या चौकोनात नुसतं नाव राहिलं.

दुसऱ्या लाटेत हरेश गेला.

पाच-सहा दिवसांचं दुखणं. रुग्णालयाबाहेरची, स्मशानाबाहेरची रांगांची दृश्यं त्यानंच रोज टिपून आणली होती. घरी बायको आणि दोन मुलं, तीही पॉझिटिव्ह, दार बंद. सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी फरशीवरच्या त्या निळ्या पट्टीकडे पाहत बसले. मला रडू येण्याआधी राग आला. कोणावर ते नीट सांगता येणार नाही.

दुपारी कळलं की बातमी द्यायची नाही. चॅनलमध्ये संसर्ग आहे असा संदेश जाईल, लोक आमच्या माणसांना दारात उभं करणार नाहीत, जाहिरातदार बिथरतील, असं वरून ठरलं होतं. हरेशनं दुसऱ्यांची मरणं दारोदार जाऊन टिपली, आणि त्याचं स्वतःचं फक्त त्या लाल चौकटीतल्या आकड्यात मिळवलं जाणार होतं. सर दुपारभर संपादकांच्या मागे होते. फोन, पुन्हा फोन. दोन ओळी द्या, एक ओळ द्या, खाली पट्टी तरी चालवा. उत्तर नाहीच आलं.

संध्याकाळी मी खुर्ची पट्टीवर लावून बसले. बातम्या सुरू झाल्या. हं, पुढं. हं, पुढं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मृत्यूचा आकडा जवळ आला तसे सर म्हणाले, "ताई, या आकड्यानंतर प्रॉम्प्टर सोडा. मी बोलतो तसं बोलायचं. तुमची पण नोकरी आहे, मला माहीत आहे. नको असलं तर काढ्याला जा, मी काही म्हणणार नाही."

मी आकडा वाचला. टॅबलेटवर पुढची ओळ होती, 'पाहत राहा, एका छोट्याशा विश्रांतीनंतर.' मी ती वाचली नाही.

सर हळूहळू सांगत गेले आणि मी म्हणत गेले. आमचे कॅमेरामन हरेश (इथं मी त्याचं पूर्ण नाव घेतलं) यांचं आज सकाळी निधन झालं. ते घणसोली गावचे. या साथीत तुम्ही आमच्या पडद्यावर नवी मुंबईची जी दृश्यं पाहिलीत, त्यातली बहुतेक त्यांनी टिपली होती. ती दाखवताना त्यांचं नाव आलं नाही, कारण कॅमेरामनचं नाव देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुलं आहेत.

संपलं. मी 'पुढं'ची वाट पाहत होते. ते आलंच नाही. कॅमेऱ्याकडे पाहत मी नुसती बसून राहिले. महाप्याला बटणावर बसलेल्या माणसानं जाहिरात लावायला हवी होती. त्यानं लावली नाही. नंतर चौकशीत त्यानं सांगितलं की हाताला सॅनिटायझर लागलं होतं, ओल्या हातानं बटण कसं दाबणार.

कानात सरांचा श्वास ऐकू येत होता, आणि खाली तो टेम्पोचा भोंगा. मग माझ्या कानाशी सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. पण माझ्यावर नाही, गॅलरीतून खाली. "ओ! मेथी कशी दिली?" खालून काहीतरी उत्तर आलं. "आणि कोबी?"

"ताई," मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता बाजारभाव. वाशीच्या बाजारात आज कोबी स्वस्त झालाय. मेथी महाग झालीय. बटाटा आहे तिथंच आहे."

मी ते वाचल्यासारखं सांगितलं. माझा आवाज बटाट्यावर फाटला. मग आजोबा जिने चढायला लागले.

इथवर कदाचित निभावलंही असतं. संपादक चिडले होते, पण लोकांचे फोन आले ते हळहळीचे आले. वरच्यांनी दुर्लक्ष करायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी बुलेटिनच्या शेवटी माझ्या टॅबलेटवर एक जादा मजकूर आला. वर लिहिलं होतं, 'खुलासा'. मला वाटलं, वरून आलाय आणि आता हरेशचं मागे घ्यायला लावतायत. वाचायला लागले तर तो असा होता: 'काल या बातमीपत्रात सांगितलेले भाजीचे भाव वाशीच्या घाऊक बाजाराचे नव्हते. ते जुईनगरमधल्या एका सोसायटीच्या गेटवर उभ्या असलेल्या टेम्पोचे होते. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

मी ते हजारो लोकांसमोर गंभीरपणे वाचलं. खुलासा सरांनीच पाठवला होता. आदल्या दुपारभर भांडण्याच्या नादात आडत्याला फोन करायचा राहून गेला होता, आणि खात्री न केलेला मेथीचा भाव आपल्या तोंडून गेला हे त्या माणसाला रात्रभर टोचत राहिलं होतं. आता मात्र सगळं उघड झालं. काल जे झालं ते गॅलरीतून, कोणालाही न विचारता झालं, याची कबुलीच आम्ही स्वतःहून पडद्यावर दिली होती. विनोदी व्हिडिओ फिरायला लागले. मालकांपर्यंत गेलं. सरांना मीटिंगमध्ये बोलावून माफीनामा मागितला. सर म्हणाले, "माफी मागितली की काल. चुकलं ते मेथीचं चुकलं. हरेशचं नाही चुकलं." त्यांना जायला सांगितलं. मला सकाळच्या योगासनांच्या कार्यक्रमावर टाकलं, तिथं मी बरेच दिवस लोकांना श्वास सोडायला सांगत होते.

साथ ओसरली, पण बदललेलं सगळं तसंच राहिलं. स्वस्त पडतं ना. पाहुणे अजून आपापल्या घरूनच भांडतात. बातमीदार एकटाच जातो आणि मोबाइलवर स्वतःला टिपून घेतो, त्याच्यासोबत कॅमेरामन नसतो. महाप्याचा अर्धा मजला कॉल सेंटरला भाड्यानं दिलाय. मी पुन्हा संध्याकाळचं बुलेटिन वाचते. कानात आता कोणी मुलगी कुठूनतरी सेकंद मोजून दाखवते, बिचारी कामाला चोख आहे. 'हं' म्हणत नाही.

मागच्या महिन्यात घणसोलीला पाण्याच्या तक्रारींवर कार्यक्रम करायला गेले होते. बायका हंडे घेऊन बोलत होत्या. सगळं आवरल्यावर त्यातली एक जवळ आली. मी तिला फोटोत पाहिलं होतं, लगेच ओळखलं. हरेशची बायको. आता महापालिकेच्या शाळेत कामाला आहे. ती म्हणाली, "ताई, तुमी यांचा नाव घेतलाव ना टीवीवर, तवा मी नुसती बघत रेली. सकालपासून रडूच नाय आला मना. मंग तुमी बोल्लाव, कोबी स्वस्त हाय, मेथी महाग झाली. तवा मना आठवला, पोरांच्या पोटान सकालपासून कई नाय. मंग मी उठली." एवढं सांगून तिनं माझा हात दाबला, हंडा उचलला आणि गेली. तिचा नंबर तेवढा मी घेतला होता.

हे सरांना सांगायलाच हवं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी उलव्याला गेले. जुईनगरचं घर विकून ते तिथं मुलाजवळ राहायला गेलेत. वरच्या मजल्यावर फ्लॅट, विमानं डोक्यावरून जातात. ती दिसली की सर घड्याळ बघतात आणि उशीर झाला असला तर नाराज होतात. डबीतले हरभरे मला दिले. बातम्या बघता का, विचारलं, तर म्हणाले, "आवाज बंद करून बघतो. तुम्ही हल्ली पाणी कमी पिता."

मी त्यांना सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत. ते खुर्चीत बसून ऐकत होते. वरून एक विमान गेलं, तरी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

"मग?" ते म्हणाले. "जेवली का पोरं?"

"ते मी नाही विचारलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचे दोन शब्द इतकी वर्षं मी फक्त कानात ऐकले होते, चेहऱ्यासकट कधी नाही.

"विचारा की."

"सर, आता? इतक्या वर्षांनी?"

मी फोन काढला, तिला लावला आणि स्पीकर सुरू करून मध्ये टीपॉयवर ठेवला. रिंग वाजायला लागली तसे सर चपला बाजूला सरकवून खुर्चीतून उठले आणि उभे राहिले.

मी तिला नमस्कार-चमत्कार करून विचारलं, त्या दिवशी तुम्ही उठलात, मग मुलं जेवली का? पलीकडे ती हसली.

"जेवली ना. मेथी कुठशी आनू, दार बंद. घरान बटाटं व्हतं, तेंचीच भाजी केली. मोठ्यान पयला घास खाल्ला न बोल्ला, आये, मीठ जास्त झालाय. तवा मी रडली ताई. मंग तिघा बी रडलाव. न मंग सगली भाजी संपवली."

मी तिला काहीतरी बोलून फोन ठेवला. सर अजून उभेच होते, अनवाणी, गॅलरीच्या दाराकडे तोंड करून.

"हं," ते म्हणाले. "पुढं."